त्यांचे नाव कोण घेणार?

३० सप्टेंबर ही तारीख लातूर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. १९९३ साली अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून, टाळ-मृदंग खुंटीला अडकवून गावे झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे झोपेतच गाडली गेली. तेव्हापासून या दिवशी आमच्या घरात टीव्ही मोठ्याने लावत नाहीत. हा नियम कुणी केलेला नाही, पण तो पाळला जातो.

२०२२ सालच्या ३० सप्टेंबरला संध्याकाळी आमच्या नातीने तो मोडला. दिल्लीच्या विज्ञान भवनातून ६८ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा सोहळा दाखवत होते. ती तेव्हा नववीत होती. तिला राहुल देशपांडे यांना पुरस्कार घेताना बघायचे होते. ‘मी वसंतराव’ या चित्रपटातील गायनासाठी सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा मान त्यांना मिळाला होता. आमच्या गल्लीतल्या गुरुजींकडे ती चार वर्षे गाणे शिकत होती आणि वसंतराव देशपांडे हे नाव त्या खोलीत दर दोन दिवसांनी निघत असे. मी म्हटले, बघ बाई, पण आवाज कमी ठेव.

राहुल देशपांडे झाले आणि त्याच सोहळ्यात पार्श्वगायिकेच्या पुरस्काराला एक साठीच्या घरातल्या आजी मंचावर आल्या. साधी साडी, रापलेला चेहरा, चालण्यात कसलाही आव नाही. समोर राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू. नातीने विचारले, “आजोबा, या आजी कोण?” मी सांगितले, नंचम्मा. केरळातल्या पालक्काड जिल्ह्यात अट्टप्पाडी म्हणून डोंगराळ भाग आहे, तिथल्या इरुळा आदिवासी समाजातल्या. जनावरे राखतात आणि आपल्या लोकांची गाणी गातात. यावर नातीचा पुढचा प्रश्न आला, “त्यांची कुठली परीक्षा झालीय?”

मी हसलो, पण तो प्रश्न अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तो एकट्या तिचा नव्हता, आमच्या साऱ्या गावाचा होता. ज्या शहराने ‘लातूर पॅटर्न’ घडवला, त्या शहरातली मुलगी माणसाची किंमत आधी परीक्षेतच मोजणार! आणि गंमत अशी, की त्याच सुमारास केरळातही हाच प्रश्न मोठ्या माणसांनी विचारला होता. जुलैत पुरस्कार जाहीर झाले तेव्हा एका संगीतकाराने उघडपणे म्हटले, की वर्षानुवर्षे रियाज करणाऱ्यांचा हा अपमान नाही का? त्यावर शास्त्रोक्त शिकलेले कितीतरी गायक नंचम्मांच्या बाजूने उभे राहिले, ही समाधानाची गोष्ट. मात्र प्रश्न विचारला गेला तो गेलाच.

दोन मानकरी, दोन वाटा

त्या संध्याकाळचे हे दोन मानकरी शेजारी ठेवून पाहिले, तर एक घराण्यातून आलेला, तालमीत घडलेला गायक, आणि दुसरी रानात, लग्नात, मरणात गाणारी बाई. वरवर पाहता दोघांत काही साम्य नाही. पण थोडे खोल गेले, की एक धागा सापडतो. दोघांचेही गाणे दिल्लीपर्यंत पोचले, कारण मध्ये कुणीतरी त्यांचे नाव घेतले.

नंचम्मांना ‘अय्यप्पनुम कोशियुम’ या २०२० च्या मलयाळम चित्रपटात गायला लावले ते दिग्दर्शक साची यांनी. त्यांच्याच भाषेतले, त्यांच्याच चालीचे गाणे त्यांनी चित्रपटात घेतले. हे गाणे घरोघरी पोचले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये साची गेले. त्यांनाही याच सोहळ्यात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला, तो मरणोत्तर. साची नसते, तर नंचम्मा तितक्याच चांगल्या गायल्या असत्या. फक्त आपल्याला ते कळले नसते.

आणि वसंतराव? आज त्यांच्या नावावर चित्रपट निघतो आणि नातवाला राष्ट्रीय पुरस्कार मिळतो. पण खुद्द वसंतरावांनी उमेदीची किती वर्षे संरक्षण खात्याच्या हिशेब विभागातल्या नोकरीत काढली! मूर्तिजापूरला जन्म, नागपुरात शिक्षण, लाहोरला जाऊन घेतलेली विद्या, आणि पोटासाठी कारकुनी. ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले १९६७ साली, तेव्हा ते चाळिशी ओलांडून बरेच पुढे गेले होते. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला १९८२ चा, आणि १९८३ च्या जुलैत ते गेले. या साऱ्या काळात पु. ल. देशपांडे यांच्यासारखा मित्र त्यांचे नाव जागोजागी घेत होता, हे त्यांचे भाग्य. प्रत्येक वसंतरावाच्या वाट्याला पु. ल. येत नाहीत.

हा हिशेब समजायला हे पुरस्कार ठरतात कसे, ते थोडे पाहावे लागेल. चित्रपट पुरस्कारासाठी निर्माता आपला चित्रपट पाठवतो. तो आधी प्रादेशिक परीक्षक मंडळ पाहते आणि मग दिल्लीतले केंद्रीय मंडळ. म्हणजे गायकाचा आवाज तिथे पोचायचा तर आधी त्याच्या हाती चित्रपट हवा. मराठीने या वाटेने चांगली मजल मारली आहे. २००८ च्या ‘जोगवा’साठी संगीतकार अजय-अतुल, हरिहरन आणि श्रेया घोषाल, २०१० च्या ‘मी सिंधुताई सपकाळ’साठी सुरेश वाडकर, २०११ च्या ‘बालगंधर्व’साठी आनंद भाटे, २०१२ च्या ‘संहिता’साठी आरती अंकलीकर-टिकेकर, २०१३ च्या ‘तुह्या धर्म कोंचा’साठी बेला शेंडे, २०१५ च्या ‘कट्यार काळजात घुसली’साठी महेश काळे, २०१९ च्या ‘बार्डो’साठी सावनी रवींद्र. ही यादी वाचताना ऊर भरून येतो, आणि लगेच ध्यानात येते, की यांतले बहुतेक पुण्या-मुंबईत वाढलेले किंवा तिथे जाऊन स्थिरावलेले. त्यात त्यांचा दोष काही नाही. ध्वनिमुद्रण जिथे होते, तिथे गायकाला जावे लागते.

अकादमीच्या पुरस्काराची रीत वेगळी आहे. १९५२ साली स्थापन झालेल्या आणि २८ जानेवारी १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उद्घाटन झालेल्या संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार म्हणजे एक लाख रुपये, ताम्रपट आणि अंगवस्त्र. इथे चित्रपट लागत नाही. पण इथे कलावंताने स्वतः अर्ज करायचा नसतो. आधीचे मानकरी, राज्य सरकारे, मान्यवर संस्था नावे सुचवतात आणि त्यांतून निवड होते. रीत सभ्य आहे. कलावंताने स्वतःची शिफारस करत हिंडू नये, हे कुणालाही पटेल. पण तिचा एक परिणाम होतो. जिथे आधीचे मानकरी जास्त, तिथून नवी नावे जास्त जातात. जिथे एकही मानकरी नाही, तिथले नाव घ्यायला कुणी नसते. पाणी जिथे आहे तिथेच मुरते, हे आम्हा मराठवाड्याच्या माणसांना वेगळे सांगायला नको.

नांदेडचे नाथराव

म्हणूनच पंडित नाथराव नेरळकर यांचे उदाहरण मला मोलाचे वाटते. १९३५ साली नांदेडात जन्म. तेव्हा नांदेड निजामाच्या राज्यात होते. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाले, तेव्हा नाथराव बारा वर्षांचे. गाण्याची तालीम मिळाली ती नांदेडातच, अण्णासाहेब गुंजकर गुरुजींकडे. ज्या काळात आमच्या भागातून पुण्याला पोचायचे म्हणजे मोठा प्रवास, त्या काळात एका जिल्ह्याच्या गावी बसून गुरुजींनी शिष्य घडवला, आणि पुढे औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) जाऊन त्या शिष्याने आयुष्यभर विद्यार्थी घडवले. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, भक्तिगीत असे सारेच ते गायले, पण मराठवाड्यात त्यांची ओळख पहिली गुरूचीच.

२०१४ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार हिंदुस्थानी गायनासाठी त्यांना मिळाला. त्याच यादीत अश्विनी भिडे-देशपांडे यांचेही नाव होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये राष्ट्रपती भवनात प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तो दिला गेला, तेव्हा नाथराव ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. मार्च २०२१ मध्ये ते गेले.

आम्हाला आनंद झाला. नांदेडच्या जुन्या गल्ल्यांत लोकांनी एकमेकांना फोन करून ‘आपले नाथराव’ म्हटले. तरी मनात एक कुसळ राहिलेच. ऐंशीव्या वर्षी मिळालेला पुरस्कार हा कलावंताचा गौरव खरा, पण विद्यार्थ्यांच्या दृष्टीने तो वीस-पंचवीस वर्षे उशिरा आलेला असतो. गुरूला पन्नाशीत मान मिळाला, तर त्याच्या दारी येणाऱ्या पोरांच्या आईबापांना धीर येतो. ‘गाण्यातही काही आहे’ असे त्यांना वाटते. ऐंशीव्या वर्षी मिळालेल्या मानाने भिंत सजते, पण वर्ग भरत नाही.

हा उशीर दिल्लीलाही जाणवला असावा. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त अकादमीने एक खास ‘अमृत पुरस्कार’ काढला. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आणि तोवर एकही राष्ट्रीय सन्मान न मिळालेल्या ८४ कलावंतांना १६ सप्टेंबर २०२३ रोजी विज्ञान भवनात तेव्हाचे उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते तो देण्यात आला. कल्पना चांगली होती. पण ८४ या आकड्याकडे पाहताना मला आनंदापेक्षा संकोचच अधिक वाटला. इतकी माणसे पंच्याहत्तरीपर्यंत आपल्या नजरेतून सुटली होती, याची ती जाहीर कबुलीच होती. आणि हे सापडलेले ८४. न सापडलेले किती, त्याची यादी कोण करणार?

अनुशेष आपलाही

मराठवाड्यात अशा वेळी एक शब्द चटकन तोंडावर येतो, अनुशेष. १९८४ साली दांडेकर समितीने रस्ते, सिंचन, वीज यांचा अनुशेष मोजून दाखवला, तेव्हापासून आम्ही प्रत्येक गोष्टीचा अनुशेष मोजतो. सांस्कृतिक अनुशेषही आहेच. मी मराठीचा शिक्षक म्हणून नोकरी केली. ज्या ज्या शाळांत होतो, त्यांतल्या एकाही शाळेत संगीताला स्वतंत्र शिक्षक नव्हता. पंधरा ऑगस्ट जवळ आला, की ‘सर, तुमचा आवाज बरा आहे’ म्हणून स्वागतगीत माझ्या गळ्यात पडायचे.

पण सगळाच अनुशेष सरकारचा नसतो. थोडा आपलाही असतो. आपल्याकडे गाणे कमी आहे का? नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात रोज कीर्तन चालते, तेही रागदारीत. माहूरच्या गडाखाली गोंधळी आणि आराधी रेणुकेची गाणी गातात. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत वाघ्या-मुरळीपासून लावणीपर्यंत सारे एका माळावर ऐकायला मिळते. औशाच्या नाथ संस्थानात चक्रीभजनाची परंपरा आहे. अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर पखवाजासाठी पद्मश्रीपर्यंत पोचले. शंकरराव चव्हाणांच्या स्मरणार्थ नांदेडला होणाऱ्या ‘संगीत शंकर दरबार’मध्ये देशातले मोठमोठे कलावंत येऊन गेले. आपण त्यांना ऐकतो, दाद देतो, सह्या घेतो. मग घरी येऊन आपल्या गल्लीत पस्तीस-चाळीस वर्षे पेटी घेऊन बसलेल्या माणसाला ‘क्लासवाले’ म्हणतो. त्यांची महिन्याची फी दोनशे रुपयांनी वाढली, की कुरकुरतो. नातीच्या ‘नीट’च्या क्लासची वर्षाची फी मात्र आम्ही मुकाट्याने भरली. नंचम्मांना त्या संध्याकाळी रजतकमळाबरोबर मिळालेल्या पन्नास हजारांपेक्षा ती जास्त होती. (ही रक्कम पुढे ७० व्या पुरस्कारांपासून दोन लाख झाली.)

नातीचा क्लास सुटला तो त्याच वर्षी. दहावी येऊ घातली होती. एक तास गाण्याला जातो म्हणजे एक तास भौतिकशास्त्राचा जातो, असा सरळ हिशेब होता. तिच्या आईबापांना दोष देण्याचा अधिकार मला नाही, मीही त्यांच्या जागी तेच केले असते. तिच्या वर्गातल्या काही मुली दहावीपर्यंत टिकल्या, कारण शास्त्रीय गायनाच्या परीक्षांना दहावीत वाढीव गुण मिळतात. गुण पदरात पडल्यावर त्याही गेल्या. गुरुजी एकदा म्हणाले, “पूर्वी पोरं सूर लागेपर्यंत थांबायची. आता मार्क लागेपर्यंत थांबतात.” ते रागाने बोलले नव्हते. बोलता बोलता तबल्यावर हातोडी मारत होते.

पुरस्काराने काय होते?

कुणी म्हणेल, पुरस्काराने गाणे थोडेच सुधारते? खरे आहे. ज्याचा गळा आहे तो पुरस्काराविना गातो. पण मग ३ मे २०१८ चा प्रसंग आठवावा. त्या वर्षी चित्रपट पुरस्कारांपैकी फक्त अकरा पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते आणि बाकीचे मंत्र्यांच्या हस्ते दिले जातील, असे ऐन वेळी कळले. पन्नासहून अधिक मानकऱ्यांनी सोहळ्याकडे पाठ फिरवली. रक्कम तीच होती, पदक तेच होते. मग रुसवा कशाचा? देशाच्या वतीने कोण आपले नाव घेतो, याचा. साऱ्या देशासमोर, देशाच्या पहिल्या नागरिकाच्या हातून मान मिळावा, ही कलावंताची भूक आहे आणि ती मला मुळीच क्षुद्र वाटत नाही. माणूस एकांतात रियाज करतो, पण गातो कुणीतरी ऐकावे म्हणूनच.

नंचम्मांचे नाव पुकारले गेले तेव्हा विज्ञान भवनात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांनी नंचम्मांचा आवाज बदलला नसेल. पण अट्टप्पाडीतल्या एखाद्या पोरीला आपल्या आजीचे गाणे शिकावेसे वाटले असेल, तर तेवढे पुरे आहे. पुरस्कार गायकाला दिला जातो, पण तो उपयोगी पडतो पुढच्या पिढीला.

मागच्या उन्हाळ्यात मी ठरवले, की नुसते लेख लिहून काही होणार नाही. पद्म पुरस्कारांसाठी आता कोणत्याही नागरिकाला नाव सुचवता येते, तेही घरबसल्या. अर्जासोबत त्या व्यक्तीचे कार्य आठशे शब्दांत लिहायचे असते. मी नातीला म्हटले, तुझ्या फोनवर तो अर्ज उघड, आपण गुरुजींचे नाव पाठवू. त्यांना पुरस्कार मिळेल असा माझा भ्रम नव्हता. कागदावर एकदा नाव तर लागावे, एवढीच इच्छा.

लिहायला बसलो आणि अडलो. ध्वनिमुद्रिका? नाहीत. मोठ्या महोत्सवांतले कार्यक्रम? दोन-चार, तेही साथीला. वर्तमानपत्रांतली कात्रणे? एकदा पुरात भिजली, ती टाकून दिली. आकाशवाणीच्या परीक्षेला परभणीला गेले होते, त्याची चिठ्ठी सापडत नाही. शंभर शब्दांत सारे संपले. सातशे उरले.

नात म्हणाली, “आजोबा, विद्यार्थी लिहू या की.” मग ती एकेक नाव सांगत गेली. तिच्या बरोबरची, तिच्या आधीची, तिच्या आईच्या वेळची. कुणी आता परिचारिका, कुणी तलाठी, कुणी पुण्यात संगणक कंपनीत, कुणी गावाकडे भजनी मंडळात पेटीवर. एका मुलीच्या नावापुढे तिने लिहायला सांगितले, “लग्नानंतर सासरी स्वतःचा क्लास काढला.” आठशे शब्द अपुरे पडले. शेवटी नात स्वतःच म्हणाली, “माझं नाव शेवटी टाका. मध्येच सोडलं म्हणून लिहा.” मी तसे लिहिले नाही. तिचे नाव मात्र शेवटी टाकले.

अर्ज पाठवल्यावर गुरुजींना सांगायला गेलो. ते पेटी उघडून बसले होते. ऐकून म्हणाले, “माझं नाव कशाला घातलंत? त्यापेक्षा ह्या भात्याला कातडं लावून द्या. हवा धरेना गेलाय.”

दुसऱ्या दिवशी गंजगोलाईत जाऊन कातडे आणले. नातीला संध्याकाळी एक तास मोकळा होता. ती आणि गुरुजी भाता बसवत होते आणि मी बाजूला बसून बघत होतो. भाता बसला. गुरुजींनी पट्टी दाबली आणि तिच्याकडे पाहिले. तिने षड्ज लावला.